सपाट कोंदण

होणाऱ्या सुनेची अंगठी निवडताना आई हट्टालाच पेटली होती. "एवढ्या नामांकित पेढीवर आलोय, तर हिरा उंच कोंदणातलाच हवा. लांबून दिसला पाहिजे!"

लेक मात्र एकेक डिझायनर अंगठी करंगळीत अडकवून स्वतःच्या गालावरून हळूच फिरवत होता. "ही टोचते. ही पण टोचतेच."

"अरे, अंगठी काय गालाला लावतात?"

शेवटी एक सपाट कोंदण टोचलं नाही. त्याचा चेहरा खुलला. काउंटरमागची विक्रेती हसली. "माझीही अंगठी बाळाला ओरखडायची. कितवा महिना?"

"चौथा," तो मान खाली घालून म्हणाला.

आई मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, "गाढवा, तिने सकाळपासून काही खाल्लंय का?"