बिनकराराचं नेट

तिसऱ्या कंपनीच्या माणसाला मनोहररावांनी फोनवर दहा मिनिटं झापलं आणि मग चहा मागितला.

"वर्षाचा करार म्हणे! मी काय वावर मक्त्यानं देऊन राहिलो? मले महिन्या-महिन्याचं पायजे. नको वाटलं की डबा उचल अन् चालता हो."

सुमतीबाईंनी चहा ठेवला. काही बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे एक काम चोख शिकून घेतलं होतं.

मनोहरराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांना खिडकीबाहेर ताटकळत ठेवण्यात गेला, त्यामुळे जगात खिडकीच्या आतली आणि बाहेरची अशी दोनच प्रकारची माणसं असतात, अशी त्यांची खात्री होती. आत ते एकटेच होते.

नेट हवं होतं ते पुष्करच्या लग्नासाठी. पोरगा चौतीस वर्षांचा झाला होता. अकरा मुलींनी नकार दिला, आणि अकराही वेळा मनोहररावांनी खोट मुलीत काढली. बारावी वेदिका. पारशिवनीची, मास्तरांची मुलगी. पुष्करला दोनदा भेटली, तिला तो आवडला. तिची अट एकच होती. ती घरून काम करते, लग्नानंतरही करणार, तेव्हा घरात चांगलं नेट हवं. "नेट काय, टॉवर उभारतो!" असं मनोहरराव तिच्या वडिलांना म्हणाले होते. मुलीकडचे एकदा येऊन गेले की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची होती.

चौथी कंपनी मनासारखी निघाली. तार ओढायची नाही, करार नाही, आणि दर त्यांच्या मानेवाडा भागात सगळ्यांत कमी. "आमच्या मॅडम शनिवारी घर पाहायले येतील काका. सिग्नल कुठं येतो ते पाहतील, मग नेटचा डबा लावू," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

शनिवारी अकराच्या सुमारास फाटक वाजलं. बाहेर पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. उन्हामुळे तोंडाला दुपट्टा बांधलेला, खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. त्यांनी दुपट्टा सोडला.

"मनोहरराव तुम्हीच ना? नागपुरात कामानं आली होती. म्हटलं, घर पाहून घ्यावं."

"तासाभरापासून वाट पाहून राहिलो. चपला तिकडे, फाटकाजवळ."

सुमतीबाई पाण्याचा गिलास घेऊन लगबगीने बाहेर आल्या.

"ठेव तो गिलास," मनोहरराव म्हणाले. "अशा आल्या-गेल्याले पाणी पाजत बसलो तर माठ पुरन काय?"

"अहो, पण या..."

"तू आत जा वं."

बाईंनी तोंड उघडलं. "मी..."

"तुमची टेप फोनवर ऐकली बाई. घर पाहायले आल्या ना? पाहा. बोलू नका."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या खरोखरच घर पाहू लागल्या. हॉल, स्वयंपाकघर, मागची मोरी. हॉलमध्ये कूलर घोंघावत होता आणि त्याच्या पुढ्यात मनोहररावांची आरामखुर्ची होती.

"कामाले कुठं बसणार?" त्यांनी विचारलं.

"सून? वरती. टिनाच्या खोलीत."

मे महिना होता. खोलीत जुन्या गाद्यांचा ढीग आणि एक मोडका कूलर पडला होता. खिडकी नव्हती. आत पाऊल टाकताच बाईंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं.

"इथं तर रेंजच नाही."

"नसू द्या!" मनोहरराव हसले. "डबा खाली लावा, हॉलमध्ये. मले मॅच पाह्यची राहते."

"मग तिचं काम?"

"कायचं काम, बाई! म्हणून तर करार नको म्हणतो. दोन-तीन महिने करन, मग घरातलं पडन अंगावर अन् नोकरी आपोआप सुटन. नाही सुटली तर नेटच बंद करू. वर्षाचा करार केला तर पैसे बुडतात का नाही?"

आपल्या हुशारीवर ते मनापासून खूश झाले. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण पाण्याला ते कुठे ऐकू येतं?

"तिच्या घरच्यांले माहीत आहे हे?"

"मास्तर लोक आहेत. भोळे. आपण मान हलवली की खूश."

सुमतीबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. उतरताना बाई त्यांच्याजवळ थांबल्या.

"ताई, तुम्ही काही करत होत्या का, लग्नाच्या आधी?"

"शाळेत शिकवत होती," सुमतीबाई म्हणाल्या. "लग्नानंतरही शिकवलं. आठ महिने."

हे सांगताना त्यांना नवऱ्याची लाज वाटली, आणि तेवढीच स्वतःचीही.

"मग, कधी बसवता?" मनोहररावांनी विचारलं.

"आम्ही कळवतो," बाई म्हणाल्या, आणि फाटकाजवळच्या तापलेल्या चपला पायात घालून निघून गेल्या.

चार वाजता पुन्हा फाटक वाजलं. स्कूटीवर एक मुलगी होती. गळ्यात कंपनीचा बिल्ला.

"सॉरी काका, सकाळी गाडी पंक्चर झाली. घर पाहू का?"

"किती वेळा पाहता? तुमची बाई येऊन गेली ना!"

"नाही काका. या भागात मी एकटीच आहे."

मनोहरराव अजून तिच्याकडेच पाहत होते, तोच आतला फोन वाजला. बोलून सुमतीबाई बाहेर आल्या.

"वेदिकाच्या वडिलांचा होता. नाही म्हणतात. सकाळी तिची मोठी आत्या, प्रमोदिनीताई, घर पाहून गेल्या."

मनोहरराव आरामखुर्चीत बसले. मग त्यांना नेहमीसारखी दुसऱ्याची चूक सापडली.

"मले नाही समजलं, ठीक आहे. पण तुले कसं नाही समजलं वं?"

"मुलीकडच्यांनी पाठवलेल्या फोटोत वेदिकाच्या बाजूलेच उभ्या आहेत त्या," सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर फाटकातच ओळखलं होतं."