मिशरीची डबी

पौडच्या दवाखान्यात दिवसभराचे रोगी तपासून थकलेल्या डॉक्टरांनी रंभाबाईच्या तोंडात बॅटरी मारली. गेल्या आठवड्यात काढलेल्या दाढेचा खड्डा कोरडा पडला होता, तळाशी उघडं हाड दिसत होतं. "पुन्हा मिशरी लावलीत? अहो, खड्ड्यात साचलेली रक्ताची गुठळी म्हणजे घाण नव्हे. कडेच्या हाडातल्या पेशी तिच्यातच शिरून नवं हाड घडवतात. तुम्ही तीच बोटानं घासून काढलीत." लवंगतेलाचा बोळा खड्ड्यात बसवून त्यांनी तिच्या हातातली डबी काढून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. "खड्डा भरेपर्यंत ही इथंच राहील." रंभाबाई उठली नाही. भाताच्या लावणीनं तिची बोटं सुरकुतून गेली होती. "हाड भरंल, डाक्टरसायेब," ती हळूच म्हणाली, "पन मिशरी न्हाई लावली की भूक लागती. घरातलं पोरांनाच पुरंना." डॉक्टरांनी खण उघडला.