एकसष्टावा ठिपका

जागतिक आरोग्याच्या पदव्युत्तर परीक्षेचा शेवटचा तास चालू होता. घराघरांतल्या भिंतींवरची यंत्रं जगातला प्रत्येक खोकला टिपत आणि तो वर्गातल्या नकाशावर ठिपका होऊन उमटे. अचानक एकाच गावावर एकसष्ट ठिपके पेटले. गाव परीक्षेला बसलेल्या केतकीचंच होतं.

"नवी साथ दिसतेय. दहा मिनिटांत गाव बंद करावं लागेल," परीक्षक बाई म्हणाल्या.

केतकीला मात्र वैशाख महिना चालू असल्याचं आठवलं. तिने घाईघाईने फोन लावला.

"आई, आळीत मिरच्या भाजताय का?"

"मग? वर्षाचा मसाला काय तुझं विद्यापीठ करणार?"

"सगळ्या कढया खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता."

आईने कुरकुरत दारोदार हाका मारल्या. ठसका ओसरला, तसे ठिपके भराभर विझू लागले. अख्खा वर्ग टाळ्या वाजवत उभा राहिला. केतकीही हसली, पण नजर नकाशावरून हटेना. साठ विझले. एक लुकलुकतच राहिला.

"आई, टोकाच्या घरात कोण खोकतंय?"

"गजराकाकू. पण तिच्याकडे अजून मिरच्या आल्याच नाहीत गं."

केतकी पेपर तसाच टाकून उठली. "तिला आधी दवाखान्यात ने, आई. मसाला थांबेल."