बिजागरी नसलेली झाकणे

त्रिमितीय प्रिंटरवर ही शिडांची युद्धनौका मी पटावरच्या खेळासाठी छापली. मूळ नौका निशाण उतरवून शरण आली होती. तरीही ती माणसांसकट बुडवण्यात आली. म्हणून तोफांच्या खिडक्यांची बाराही झाकणे, दोन्ही बाजूंना सहा-सहा, मी बंद, जहाजाच्या बाजूंशी एकजीव अशी छापली. बिजागरी नाही, आत तोफाही नाहीत.

भर दुपारी मेहुणा खेळात हल्लेखोर होऊन माझ्या शेजारी बसला.

"दाजी, शरण-बिरण गेलं खड्ड्यात! बुडवणार म्हणजे बुडवणार."

त्याने फासा उचलताच टक् असा आवाज झाला. त्याच्या बाजूची सहाही झाकणे उघडली होती आणि तोफांची तोंडे त्याच्या छातीवर रोखलेली होती.

तो फासा घेऊनच पलीकडे सरकला. टक्. इकडची मिटली, तिकडची उघडली.

"तुमचं जहाज, तुम्हीच बुडवा!" म्हणत त्याने फासा माझ्या मुठीत कोंबला.

माझ्या बाजूला टक् झाले.