लांब दस्ता

अस्वलाने मासे धुरावर वाळवायची खोपटी मोडली, त्या सकाळी जुनी बंदूक उडालीच नाही. म्हणून मुलगा लायल मला बंदुकांच्या दुकानात घेऊन आला. दुकानदार मात्र त्याच्याशीच बोलत होता. एकेक बंदूक मी खांद्याला लावली. दस्ता सगळ्यांचा लांब, बोट चापापर्यंत पोचेना. शेवटी दुकानदार माझ्याकडे वळला. “आजी, ही गुलाबी घ्या. हलकी आहे.” “हलकी बंदूक उडताना खांद्याला जास्त लाथ मारते, बाबा. आणि अस्वल काय रंग बघून पळतं?” लायल वैतागला. “आई, पुरे झालं. घर विक, अँकरेज शहरात माझ्याकडे चल.” लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात यांनी माझ्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेऊन जुन्या बंदुकीचा दस्ता कापला होता. शेजारी हसले, “बायकोपायी नवी बंदूक नासवली!” त्याच बंदुकीच्या जिवावर हे पोरगं जंगलात वाढवलं. सगळ्यात आधी खांद्याला लावलेली ती जड बंदूक मी पुन्हा उचलली. “हीच बांध,” दुकानदाराला म्हटलं, “आणि करवत कुठे मिळते?”