चाळिसावा तास

विधानसभेने सुवर्णाक्षरांनी लिहावा असा कायदा एकमताने केला: चाळीस तासांच्या प्रशिक्षणाशिवाय राज्यातला एकही पोलीस वर्दीनिशी रस्त्यावरच्या भानगडीत हात घालणार नाही. त्यामुळे आठवडाभर सगळे पोलीस वर्गात होते, आणि भानगडी रस्त्यावर एकट्याच होत्या.

हवालदाराचे एकोणचाळीस तास भरले होते. शेवटचा बुडाला की पुन्हा पहिल्यापासून; म्हणजे संध्याकाळी निघणाऱ्या जमादारांच्या बढतीच्या यादीत नाव नाही. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. जमादार होऊन घरी जायचं, एवढीच हौस उरली होती.

प्रशिक्षक मॅडम फळ्यावर वाद शमवण्याची सातवी पायरी लिहीत होत्या. खिडकीखाली चौकात एक टेंपोवाला आणि एक टॅक्सीवाला पायऱ्या न मोजता एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोचले होते. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. हवालदार खुर्चीच्या कडेला सरकून खाली डोकावत होता. बूड खुर्चीवर, जीव चौकात.

"बसा हो," शेजारचा शिपाई कुजबुजला. "जमादारकी खिडकीतून जाईल."

"बसलोच आहे की रे!"

टेंपोवाल्याने पाना काढला.

हवालदार उठला. वर्दीत जायला कायद्याची बंदी. म्हणून त्याने शर्ट उतरवला, बिल्ल्यासकट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि मॅडमची पाठ असतानाच बनियनवर जिना उतरला.

"दवाखान्यात खाटा सांगून ठेवल्यात का रे दोघांनी? आणा, गाड्यांच्या किल्ल्या इकडे आणा आधी!"

आवाजात काय होतं कोण जाणे, दोघांनी निमूट दिल्या. पाना खाली पडला.

तो धापा टाकत वर आला तेव्हा तास संपला होता. मॅडम त्याच्या खुर्चीपाशी उभ्या होत्या.

"कुठे होता?"

"खाली." निवृत्तीच्या तोंडावर नवीन खोटं सुचेना.

मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं. मग म्हणाल्या, "हजेरी बिल्ल्याची घ्यायची आहे. माणसाचा उल्लेख कुठेच नाही. बिल्ला हजर होता."

आणि त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली.

"जमादारसाहेब!" शिपाई ओरडला. वर्गाने बाकं बडवली. हवालदाराने छाती काढून सगळ्यांना एक कडक सलाम ठोकला.

हॉर्न मात्र थांबले नव्हते, उलट वाढलेच होते. तेवढ्यात खालून कोणीतरी खिडकीकडे तोंड करून हाक मारली,

"ओ बनियनवाले काका! किल्ल्या तेवढ्या टाका की खाली!"