आईच्या रक्ताची चिठ्ठी

“चिठ्ठ्या म्या चिकटवतो, डाक्टरीणबाई. पलटणीच्या दवाखान्यात बावीस वर्सं ह्येच केलंय,” नाथाजी म्हणाला.

सांगलीहून आलेल्या डॉक्टर मयूरीनं रक्ताच्या तीन नळ्या खुशाल त्याच्या हवाली केल्या. “ही आईंची, ही तुमची, ही हंबीररावांची.”

साल अठ्ठ्याण्णव. आष्ट्याच्या लीलाबाईंना एकशे एकावं लागलं होतं आणि अजून त्या सुईत दोरा ओवत. पेशींमधली वीजघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, प्रथिनाचा एखादा इवलासा तुकडा तयार करून शरीर जपत असावीत, असा डॉक्टरांचा कयास होता. ही वीजघरं फक्त आईकडून मिळतात, म्हणून दोन्ही मुलांचंही रक्त हवं होतं.

“म्हंजी पोटचा कोन, त्येबी कळंल?” नाथाजीनं विचारलं.

“कळेल की,” डॉक्टर हसल्या.

नाथाजीनं नळ्या मुठीत घट्ट धरल्या. वय अडुसष्ट, पण धाकट्या हंबीररावाचा हेवा काही सुटला नव्हता. साय हंबीरला, खरवड नाथाला. जत्रेत हंबीर कडेवर, नाथा पायी. अशी बाई आपली आई असणारच नाही, हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. आता ते कागदावर येणार आणि हंबीर मिशीत हसणार! त्याचा नुसता जळफळाट झाला.

समोर लीलाबाई हंबीररावाचा दंड चोळत होत्या. सुई टोचली होती ना त्याला! नाथाजीलाही टोचली होती, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

डॉक्टर बर्फाचा डबा उघडायला वळल्या. नाथाजीनं आपली चिठ्ठी हंबीररावाच्या नळीवर चिकटवली आणि त्याची आपल्या नळीवर.

तीन महिन्यांनी डॉक्टर निकाल घेऊन आल्या. अंगणात भावकी जमली होती.

“मोठ्यानं वाचा,” नाथाजी ऐटीत म्हणाला. “समद्यांना ऐकू द्या.”

डॉक्टर घुटमळल्या. “हंबीररावांचं आईशी तंतोतंत जुळलं. नाथाजीरावांचं... नाही जुळलं.”

नाथाजीचा चेहरा उतरला. हंबीररावानं पटकन त्याचा हात धरला. “दादा, कागदाला काय कळतंय? तू माजा भाऊच हाईस.”

“उलटं हाय ह्ये!” लीलाबाई एकदम बोलल्या. “नाथा माज्या पोटचा. हंबीर माज्या जावंचा. बाळातपणात गेली बिचारी, तवा नाथा दीड वर्साचा. आईवेगळ्या लेकराला परकं वाटू नये म्हनून नाथाच्या तोंडचं काढून त्याला दिलं. नाथा काय, आपलाच. कवातरी समजून घील, वाटायचं.”

सगळ्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी म्हातारीच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला आणि हळूच नाथाजीला म्हणाल्या,

“मनाला लावून घेऊ नका, काका. एवढ्या वयात विसर पडतोच.”